मडीतल्या सुया

माझं काम काय, हे आमच्या घराण्यात कुणालाही नीट सांगता आलेलं नाही आणि त्यात दोष माझाच आहे असं सगळ्यांचं मत आहे. एकदा एका लग्नात मी समजावून सांगायचा प्रयत्न केला, की रेणू एकमेकांना खेटून बसतात आणि त्यांचा स्फटिक होतो. ते कसे बसतील याचं भाकीत मी संगणकावर करतो. एवढ्या वाक्यातला 'भाकीत' हा एकच शब्द त्या मांडवात शिल्लक राहिला. जेवणं उरकेपर्यंत दोन बायका मुलींच्या पत्रिका घेऊन आणि एक निवृत्त गृहस्थ बोटातली स्फटिकाची अंगठी काढून माझ्यापुढं उभे होते. लाभेल की नाही एवढंच सांगा, म्हणाले. मला त्यातलं काही कळत नाही म्हटल्यावर त्यांचा विश्वास आणखीच वाढला.

तेव्हापासून मी करंज्यांचं उदाहरण देतो. त्याच करंज्या, तोच डबा, पण रचायच्या तऱ्हा कितीतरी. आडव्या रचा, उभ्या रचा, एकीच्या पोटात दुसरीची पाठ बसवा. औषधाच्या रेणूंचंही तसंच असतं. एका तऱ्हेनं रचले तर गोळी पोटात गेल्यागेल्या विरघळते, दुसऱ्या तऱ्हेनं रचले तर तेच औषध हट्टानं तसंच बसून राहतं. संगणक अशा हजारो रचना मांडून बघतो आणि त्यातली सगळ्यात घट्ट, सगळ्यात निवांत कुठली ते सांगतो. मल्लेश्वरमच्या एका संस्थेत थंड खोलीत बसून मी हेच करत आलो आहे, हाताला काहीही न लागता. स्वतःच्या हातानं मी जन्मात एक स्फटिक बनवलेला नाही. पुढं जे झालं त्यात हा मुद्दा मी पुन्हा पुन्हा मांडला आणि कुणीही तो ऐकून घेतला नाही.

माझ्या खोलीच्या खालच्या मजल्यावर स्फटिक बनवायची प्रयोगशाळा होती आणि तिथं लातूरकडची एक मुलगी पीएच.डी. करत होती. अख्ख्या इमारतीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. तिला माझ्या मराठीचं फार हसू यायचं. आमचे पूर्वज सतराव्या शतकात फौजेबरोबर इकडं आले ते परत गेलेच नाहीत. भाषा तेवढी घरात राहिली आणि तीनशेपेक्षा जास्त वर्षं शेजाऱ्यांकडून एकेक शब्द उसना घेत गेली. मी 'स्वल्प थांब' म्हटलं की ही मुलगी मुद्दाम स्वल्प थांबायची. एकदा म्हणाली, "सर, तुमची मराठी म्हणजे घर मराठी आणि आतलं सगळं सामान कन्नड."

ती एका वेदनाशामक औषधावर काम करत होती. तिच्या हातून त्याचे स्फटिक सुयांसारखे यायचे, लांब, बारीक, काचेसारखे. या सुया पाण्यात झटकन विरघळत आणि तिचा सगळा प्रबंध त्या सुयांवर उभा होता. मी त्याच रेणूवर संगणक चालवला, तेव्हा आकडे सांगू लागले की याहून घट्ट रचना शक्य आहे आणि ती कधी अवतरली तर सुयांऐवजी चपट्या वड्या दिसतील. मी ते छापलं. ती खळखळून हसली आणि म्हणाली, तुमच्या वड्या तुमच्या संगणकातच राहू देत.

काही महिन्यांनी एका सकाळी तिच्या एका बाटलीत वड्या दिसल्या.

भाकीत खरं ठरणं ही आमच्या धंद्यात रोज घडणारी गोष्ट नाही. संचालकांनी मला बोलावून पाठ थोपटली, मैसूरपाक वाटला गेला, मी आठवडाभर जमिनीपासून चार बोटं वर चालत होतो. मला आनंद झाला होता आणि तो लपवायची मला काही गरज वाटली नाही. तो मैसूरपाक त्या मुलीनंही खाल्ला. मग ती खाली गेली आणि नेहमीसारख्या सुया करायला बसली. बाटलीत वड्या आल्या. दुसऱ्या बाटलीतही वड्या. तिनं भांडी बदलली, द्रावण बदललं, औषधाचा नवा डबा फोडला. वड्याच. त्या दिवसापासून त्या प्रयोगशाळेत एकही सुई आली नाही.

हे खरोखर घडतं, आणि जगात इतर ठिकाणीही घडलेलं आहे. एकदा घट्ट रचनेचा स्फटिक तयार झाला की त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण हवेत, कपड्यांवर, केसांत, दाराच्या कडीवर जाऊन बसतात. त्यांना आम्ही बी म्हणतो. त्यातला एक कण जरी बाटलीत पडला तरी विरघळलेले सगळे रेणू त्याच्याकडं बघून त्याच्यासारखे बसतात. पंगतीत पहिले दोघं ज्या अंगानं बसतात त्याच अंगानं पुढची सगळी पंगत बसते, तसं. जुनी रचना मग कितीही आळवा, येत नाही.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई शिस्तीच्या होत्या. त्यांनी युद्ध पुकारलं. चपला बाहेर काढायच्या. आत येण्याआधी डोकं धुवायचं आणि घरून आलेले कपडे बदलायचे. वड्या बघितलेल्या माणसानं वड्या न बघितलेल्या माणसाला हात लावायचा नाही. फरशीवर पिवळी पट्टी चिकटवली गेली आणि तिच्यापलीकडं कुणी जायचं नाही असं ठरलं. एका विद्यार्थ्याला दाढी उतरवायला लावली, तिच्यात बी असू शकतं म्हणून. एखादी वस्तू द्यायची झाली तर हातात द्यायची नाही. मधल्या स्टुलावर ठेवायची, मागं सरकायचं, मग दुसऱ्यानं उचलायची. मला तर बाईंनी जिन्यावरच अडवलं. मी म्हटलं, मी संगणकवाला, मी त्या पदार्थाचा कणसुद्धा हाताळलेला नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही मैसूरपाक वाटायला खाली आला होतात आणि तिच्या खुर्चीवर बसला होतात. मी म्हटलं, मी नंतर आंघोळ केली आहे. त्या म्हणाल्या, आंघोळीनं बी जात नाही.

जिन्यावर उभा असताना मला एकदम जयनगर आठवलं. हे सगळे नियम मी लहानपणापासून पाठ केलेले होते.

जयनगरमध्ये माझी आत्या राहते. माझे वडील तिला अक्का म्हणायचे, म्हणून आम्ही सगळे, गल्लीतला भाजीवालासुद्धा, तिला अक्काच म्हणतो. पंचाहत्तरीच्या पुढं आहे, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, एकटी राहते आणि मडी पाळते. पुण्याकडं ज्याला सोवळं म्हणतात त्याला आमच्या घरात कन्नड नाव आहे, एवढाच फरक. आंघोळ करून, काठीनं उंच वाळत घातलेलं लुगडं नेसून ती स्वयंपाकघरात शिरली की कुणी तिला शिवायचं नाही. स्वयंपाकघराच्या दारात एक लाकडी उंबरा आहे. त्याच्या आत अक्का आणि देव, बाहेर उरलेलं जग. काही द्यायचं असलं तर ती उंबऱ्यावर ठेवते आणि मागं सरकते, मग आपण उचलायचं. हे सगळं कालबाह्य आहे असं आम्ही आपसांत म्हणायचो. तिच्यासमोर कधी म्हणालो नाही.

दरम्यान परदेशातल्या परीक्षकांचा अभिप्राय आला. प्रबंध चांगला आहे, पण सुया पुन्हा एकदा करून दाखवा, नाहीतर ते प्रकरण काढून टाका. ते प्रकरण काढलं तर प्रबंधात प्रस्तावना आणि आभार उरत होते. मुलीची शिष्यवृत्ती संपली होती. गावी घरात ती दहावीपुढं शिकलेली पहिली. वडील फोनवर रोज विचारत, झालं का, आणि ती रोज सांगे, होत आलं. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये तिनं मला सरळ विचारलं की हे झालं नाही तर तिनं घरी काय सांगायचं. माझ्या डोक्यातून निघालेल्या वड्यांनी तिची वर्षं गिळली होती. मला फार वाईट वाटलं, आणि अशा वेळी माझ्या तोंडून नेहमी काहीतरी फालतू निघतं, तसं ते निघालं.

मी म्हटलं, आता तुझ्या सुयांसाठी बेंगळुरूत एकच स्वच्छ जागा उरली आहे, ती म्हणजे आमच्या अक्काचं स्वयंपाकघर, कारण तिथं कुणी पाय ठेवलेला नाही.

शेजारच्या टेबलावर बाई होत्या. मराठी घरात वाढल्या नव्हत्या, पण माझ्या कन्नड सामानामुळं त्यांना माझी मराठी बऱ्यापैकी समजायची. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि विचारलं, वड्या आल्यापासून तुम्ही त्या घरी गेला आहात का? मी म्हटलं, नाही, कंटाळा केला. मेट्रोनं जायचं, तिथं आंघोळ करायची, पंचा नेसायचा, एवढं करून पुन्हा उंबऱ्याबाहेरच बसायचं. बाई म्हणाल्या, फारच छान. माझ्या आळसाचं असं जाहीर कौतुक पहिल्यांदाच झालं.

बाई गेल्यावर मुलीनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "सर, आंघोळीनं जात नाही म्हटल्यावर तुम्हाला जिन्यावर कसं वाटलं?"

मी म्हटलं, राग आला. मी काही केलेलं नव्हतं.

"तेच," ती म्हणाली. "तुम्ही एरवी आंघोळ केली की आत जाता. आमची आंघोळ कधी पुरलीच नाही."

तिचं आडनाव मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याचा अर्थ मला त्या टेबलावर कळला असं मी म्हणणार नाही, कळत होताच, पण तो कधी कुणी माझ्यासमोर असा मांडला नव्हता. मी तिला म्हटलं, नको, आपण दुसरी जागा शोधू. ती म्हणाली, दुसरी कुठली? आणि मग हसून म्हणाली की एवढी वर्षं ज्यानं बाहेर ठेवलं, ते एकदा तरी उपयोगी पडू दे.

तर आम्ही दोघं हिरव्या मेट्रोनं जयनगरला गेलो, नव्या कोऱ्या कपड्यांत, बाईंच्या आज्ञेनुसार कपड्यांवरच्या किमतीच्या चिठ्ठ्याही वाटेत न काढता. व्हरांड्याच्या पायरीवर बसलो, आत गेलो नाही. अक्कानं विचारलं, हे काय, आत का येत नाही? मी म्हटलं, आम्ही आज मैलिगेतले आहोत. मैलिगे म्हणजे मडीच्या उलट. हे ऐकून अक्काला माझ्याबद्दल एवढा आदर वाटला की मला लाज वाटली. तिनं हातानं अंतर दाखवत विचारलं, सुतक आहे का. मी म्हटलं, नाही, वड्यांचं आहे.

मग मुलीनं समजावून सांगितलं, आणि माझ्यापेक्षा कितीतरी बरं सांगितलं. औषध आहे, त्याच्या दोन जाती आहेत, दुसऱ्या जातीचं बी आमच्या अंगावर आहे, ते तुमच्या घरात नाही. अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. तिला त्यात नवीन असं काही वाटलं नाही. अदृश्य असतं, स्पर्शानं लागतं, एकदा लागलं की सगळं जातं, हे ती लहानपणापासून मानत आली होती; विज्ञानाला उशिरा का होईना पटलं, एवढाच तिचा भाव होता. तो भाव बघून मला वाद घालावासा वाटला, पण बाटल्या तिच्याच उंबऱ्याआड ठेवायच्या होत्या.

अक्कानं मुलीचं आडनाव विचारलं. मुलीनं सांगितलं, लागत होतं त्यापेक्षा जरा मोठ्यानं. अक्का "होय का" म्हणाली आणि तुळशीकडं बघत राहिली. थोड्या वेळानं तिनं कॉफीचे दोन स्टीलचे लोटे पायरीवर ठेवले आणि मागं सरकली. दोन्ही लोटे सारखे, दोन्ही खालीच ठेवलेले, म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं. कॉफी पिऊन झाल्यावर मुलीनं मला विचारलं, लोटा कुठं धुवायचा. मी म्हटलं, राहू दे.

"तुमचा राहू दे," ती म्हणाली. "माझा मी धुऊन ठेवते."

अंगणातल्या नळावर तिनं लोटा धुतला आणि पालथा घातला. अक्का आतून बघत होती.

औषध आणि बाटल्या हैदराबादच्या एका विक्रेत्याकडून थेट जयनगरच्या पत्त्यावर मागवल्या, आमचा हात लागू नये म्हणून. कुरिअरवाला आला तेव्हा अक्का मडीत होती आणि त्याला ओटीपी हवा होता. ओटीपी माझ्या फोनवर आला होता, मी मल्लेश्वरममध्ये मीटिंगमध्ये होतो, आणि घरचा लँडलाइन मडीत उचलायचा नसतो. शेवटी मी समोरच्या घरी फोन केला आणि तिथल्या शेजारणीनं गच्चीवरून ते आकडे कन्नडमध्ये ओरडून सांगितले. त्या दिवसापासून अख्ख्या गल्लीला वाटतं की अक्काच्या घरी परदेशातून देव मागवला आहे.

काच चालते का, हा प्रश्न पहिल्याच दिवशी निघाला. अक्कानं विचार केला आणि लोणच्याच्या बरण्या काचेच्या आहेत, तेव्हा चालते, असा निकाल दिला. प्लास्टिकच्या झाकणाबद्दल ती म्हणाली की प्लास्टिकला ना मडी ना मैलिगे, ते आलं तेव्हा शास्त्र लिहून झालं होतं. खरी अडचण वेगळीच होती. सुया वाढवायच्या तर हे औषध पाण्यात नाही, स्पिरिटमध्ये विरघळवायचं होतं. मी मुलीला आधीच बजावलं होतं की 'एक प्रकारचं पाणी' एवढंच सांग. पण तिनं सगळं सांगून टाकलं, की अक्का, हे दारूतलंच मूळ द्रव्य आहे, तुमच्या देवापाशी ठेवायचं आहे, चालत नसेल तर आत्ताच सांगा.

मी डोळे मिटून घेतले.

"औषधासाठीच आहे की?" अक्कानं विचारलं.

"औषधासाठीच."

"मग सरी, चालेल. औषधाला मडी नाही, मैलिगे नाही. पण खोटं सांगितलं असतं तर घेतलं नसतं." हे बोलताना ती माझ्याकडं बघत होती. मी काहीच बोललो नव्हतो, तरीही.

मुलीनं पायरीवरून सगळी कृती सांगितली. पातेल्यात पाणी उकळायचं, गॅस पूर्ण बंद करायचा, मगच त्या गरम पाण्यात बाटल्या उभ्या करायच्या. आत एकही कण दिसता कामा नये. मग वर चांदीच्या रंगाचा कागद बसवून त्याला सुईनं दोन भोकं पाडायची आणि बाटल्या हलवायच्या नाहीत. अक्कानं प्रत्येक वाक्याला "होय की" म्हटलं. स्वतःच्या स्वयंपाकघरात कुणाकडून सूचना घेण्याची तिची ही पहिलीच वेळ असावी. चार बाटल्या देवघराच्या कोनाड्यात गेल्या.

रोज संध्याकाळी मडी सुटल्यावर अक्काचा फोन यायचा आणि मी तो स्पीकरवर टाकायचो. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, एकीत काहीतरी चकाकतंय. मुलगी खुर्चीतून उठून उभी राहिली. मग अक्का म्हणाली, नाही, चष्म्यावर तेल होतं. पुढं एकदा तिनं कौतुकानं सांगितलं की एका बाटलीला तिनं देवाबरोबर हळदकुंकू वाहिलं, म्हणजे लवकर येईल. किती वाहिलं, असं मुलीनं हळूच विचारलं. थोडं कागदाच्या भोकांतून आत गेलं असेल, अक्का म्हणाली, पण देवाचंच आहे. ती बाटली पिवळी झाली आणि तिच्यात काहीच आलं नाही. बाईंनी मला विचारलं, नोंदवहीत याचं कारण काय लिहायचं. मी म्हटलं, भक्ती.

मुलीचं खाणंपिणं सुटलं होतं. ती माझ्या खोलीत येऊन बसायची आणि संगणकावरची तिच्या सुयांची रचना बघायची, ज्या मी एका वाक्यात कमी टिकाऊ ठरवल्या होत्या. मी एकदा म्हटलं, संगणकाच्या मते त्या चुकीच्या नाहीत, फक्त वड्यांइतक्या घट्ट नाहीत. ती म्हणाली, घट्ट बसणाऱ्यांचंच चालतं सगळीकडं. हे ती रसायनशास्त्राबद्दल बोलत होती की नाही ते मी विचारलं नाही.

आणि मग एका संध्याकाळी फोन आला. अक्काचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता, जणू जोरात बोललं तर बिघडेल. म्हणाली, "अरे, बाटलीत दर्भ उगवलाय."

आम्ही दुसऱ्या सकाळी पायरीवर हजर. अक्का मडीत होती, काठीवरचं लुगडं, केस बांधलेले. तिनं पुढच्या दाराच्या उंबऱ्याआतून बाटली उजेडात धरली. इतक्या लांबूनही मला दिसल्या. लांब, बारीक, काचेसारख्या सुया, एकमेकींवर तिरक्या पडलेल्या. मुलीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसताना हाताला बी लागेल म्हणून ती पुसतही नव्हती.

अक्कानं तिच्याकडं पाहिलं, मग बाटलीकडं, मग पुन्हा तिच्याकडं.

"ये की आत," अक्का म्हणाली. "तूच ये, जवळून बघ. मला काय कळतंय."

मी त्या घराचा मुलगा. मला तिनं पंचा नेसल्यावरही कधी असं आत बोलावलं नव्हतं. मी मुलीकडं बघितलं.

"नको अक्का," ती म्हणाली. "मी आत आले तर बाटेल."

"मीच बोलावते आहे."

"तुम्ही बोलावलंत. पण मला चालणार नाही."

कोनाड्यात अजून दोन बाटल्या होत्या, त्याही तयार होत आल्या होत्या. तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. अक्कानं बाटलीला सांगितल्याप्रमाणं झाकण घट्ट लावलं. आता ती देवनहळ्ळीच्या पलीकडल्या एका नव्या प्रयोगशाळेत जायची होती, जिथं आमच्यातलं कुणी कधी गेलं नव्हतं. तिथल्याच कोऱ्या पिशव्या त्यांनी बंद पाकिटातून पाठवल्या होत्या. मुलीनं हातमोजे घातले, एक पिशवी उघडली आणि उंबऱ्याच्या बाहेर दोन्ही हातांनी तोंड पसरून धरली. अक्का सवयीनं बाटली उंबऱ्यावर ठेवायला वाकली. मुलगी म्हणाली, खाली ठेवू नका, खालच्या धुळीत बी असेल. मग अक्कानं बाटली तिच्या हातात द्यायला हात पुढं केला. मुलगी झटकन मागं सरकली.

"शिवू नका. पिशवीलाही शिवू नका, नाहीतर तुमच्या हातावरून आतल्या बाटल्यांना लागेल. वरून टाका."

अक्काचा हात पिशवीवर वीतभर उंच आला आणि तिथंच थांबला.

ती आमच्या पिढीपेक्षा जास्त काळ जगलेली बाई आहे. असं वरून कुणाच्या पसरलेल्या हातात काय काय टाकलं जायचं, हे तिनं पाहिलेलं आहे, केलेलंही असेल.

"असं नको," ती म्हणाली. "असं बरं दिसत नाही."

"टाका अक्का," मुलगी म्हणाली. "माझ्या आजीला वरूनच घ्यायची सवय होती. मलाही जमेल."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती फक्त बाटलीकडं बघत होती, पडताना चुकू नये म्हणून. अक्कानं बाटली सोडली. पिशवीत ती मऊ आवाज करून पडली आणि मुलीनं पिशवीचं तोंड बंद केलं. अक्का तशीच हात वर धरून उभी होती. मी तिला म्हटलं, अक्का, झालं. ती आत वळली आणि त्या सकाळी आम्हाला कॉफी विचारायला विसरली.

देवनहळ्ळीच्या यंत्रानं सुया ओळखल्या. प्रबंधात एक वाक्य गेलं, की हे स्फटिक दक्षिण बेंगळुरूतल्या एका खाजगी स्वयंपाकघरात वाढवले. मौखिक परीक्षेला कुणालाही बसता येतं, हे मी बोलण्याच्या ओघात अक्काला सांगितलं आणि ती म्हणाली, मी येणार, दर्भ माझ्या घरी उगवला. ती खरंच आली, काठापदराचं लुगडं नेसून, आणि शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी अंग आखडून बसली. पडद्यावर परदेशातले परीक्षक होते, सगळं इंग्रजीत चाललं होतं आणि अक्का एकटक त्या मुलीकडं बघत होती.

परीक्षकांनी अखेर विचारलंच. स्वयंपाकघर ही काही प्रयोगशाळा नव्हे. तिथं दुसऱ्या जातीचं बी नाही याची खात्री तुम्हाला कशावरून होती?

मुलीनं क्षणभर मागच्या रांगेकडं पाहिलं आणि एका वाक्यात उत्तर दिलं. परीक्षकांनी मान डोलावून ते लिहून घेतलं.

अक्कानं माझ्या बाहीला हात लावला. "काय म्हणाली ती?"

मी सांगितलं, "म्हणाली, आमच्यापैकी कुणीही त्या स्वयंपाकघरात कधी आत गेलेलं नव्हतं."

अक्का म्हणाली, "खरं आहे."

निकाल लगेच सांगितला. टाळ्या झाल्या, बाईंनी सगळ्यांदेखत मला मिठी मारली, म्हणजे माझंही बी उतरलं असावं. बाहेर व्हरांड्यात कॉफी होती. मुलगी वडिलांशी फोनवर बोलून आली, झालं म्हणाली, आणि दोन कागदी पेले घेऊन आमच्याकडं आली. अक्का बाहेरचं पाणीसुद्धा घेत नाही. मी मधे हात घालून पेला घेणार होतो, पण अक्कानं स्वतःच हात पुढं केला. मुलीनं पेला तिच्या हातात दिला, बोटांना बोटं लागली, दोघींनीही ती काढून घेतली नाहीत.

अक्का कॉफी प्यायली नाही. पण जयनगरला पोचेपर्यंत, अख्ख्या मेट्रोत, तो थंड पेला तिनं दोन्ही हातांत धरून ठेवला होता. मी दोनदा म्हटलं, खाली ठेव. तिनं ठेवला नाही.